केरूनानांची सरावाची कचेरी

केरूनाना मामलेदार झाले की आमच्या वस्तीवर हसायला बंदी असायची. खरे मामलेदार नव्हेत, सरावाचे. शाळा त्यांनी मराठी तिसरीतच सोडलेली. पण महिन्यातून दोन-तीनदा ते आमच्या म्हसोबाच्या पारावर एक वेताची पाटी पालथी घालायचे, तिच्यावर बसायचे, डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवायचे आणि चेहरा असा काही आंबट करायचे, की समोरचा माणूस नकळत पायातल्या वहाणा काढून उभा राही.

"नाव?"

"म्हादू."

"म्हादू काय? बापाचं नाव न्हाई का तुला? पुन्यांदा सांग. आन् मान वर कर, मामलेदार खाली मातीत न्हाई बसलेला."

पन्नास ते साठच्या मधल्या सालांतली ही गोष्ट. आमची वस्ती इंद्रायणीच्या काठाला, तळवड्याच्या समोर, नदीच्या चाकणकडच्या अंगाला. पंधरा-वीस घरं, सगळी कुळं. म्हणजे रान आम्ही कसायचं आणि ते असायचं आबासाहेबांच्या नावावर. तीन पिढ्या असंच चाललेलं. आता कूळकायदा आला होता. मामलेदार गावोगाव येऊन एकेका कुळाला विचारणार होते, की जमीन तू स्वतः कसतोस का, आणि ती तुला तुझ्या नावावर पाहिजे का. 'पाहिजे' म्हटलं तर मालक व्हायची वाट मोकळी. 'नको' म्हटलं तर तसं लिहून घेऊन साहेब पुढच्या गावाला जाणार.

वरवर पाहता ह्यात अवघड काय आहे? पण आमची माणसं नेमकी इथंच आडवी होत होती. आमच्यात कुणी काही देऊ केलं की आधी 'नको' म्हणायचं असतं. पाहुण्याच्या घरी भाकरी वाढायला आले की ताटावर हात आडवा धरायचा. घरधन्यानं दोनदा-तीनदा आग्रह केला की मग हात काढायचा. पहिल्या झटक्याला 'वाढा' म्हणणारा माणूस हावरट. अलीकडच्या दोन गावांतल्या कुळांनी मामलेदारापुढं हेच केलं. साहेबांनी विचारलं, जमीन पाहिजे का? ह्यांनी एकदा मालकाकडं बघितलं, मोठ्या अदबीनं 'नको जी' म्हणाले आणि साहेब आता आग्रह करतील म्हणून वाट बघत उभे राहिले. साहेबांनी 'नको' लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली.

"सरकार दुसऱ्यांदा वाढायला येत न्हाई," असं नाना त्यानंतर सगळीकडं सांगत फिरायला लागले. आणि नुसतं सांगून उपयोग नाही हे ओळखून त्यांनी ही सरावाची कचेरी काढली.

कचेरीत मालकाचं काम गणपाकडं असायचं. गणपाही आमच्यासारखंच कूळ, पण नकला करण्यात पटाईत. आबासाहेब बोलायच्या आधी घसा खाकरत, ते त्याला हुबेहूब जमायचं. नाना विचारायचे, "रान कोन कसतं?" कूळ म्हणायचं, "म्या." "मग तुला पायजे का?" इथं गणपा खाकरायचा. आणि काय सांगावं, तो गणपा आहे, काल आपल्याकडून तंबाखू मागून गेला, हे पक्कं ठाऊक असूनही माणसाचे हात आपोआप जोडले जायचे. "न्हाई जी. मालकाचं मालकाला असू द्या. आमी त्येंच्या किरपेनं हावोत."

"गेलं!" नाना पाटीवरून उठायचे. "गेलं रान! जा घरी, बैल सोडून दे आन् नांगर चुलीत घाल!"

लोक हसायचे, नाना हसायचे नाहीत. परत पहिल्यापासून सुरू करायचे.

मी तेव्हा दापोडीला एका वर्कशॉपात फिटर होतो. आठवडाभर तिथंच चौघांबरोबर एका खोलीत राहायचो आणि रविवारी सायकल मारत घरी यायचो. नाना मला नावानं कधी हाक मारत नसत. "काय फिटर, ह्या आठवड्यात किती नट पिळले?" हे ठरलेलं. त्यांच्याकडंही सायकल होती. चाकणच्या कुळांनी मिळून एक जुनी सायकल त्यांना दिली होती, रोजची पायपीट वाचावी म्हणून. ती त्यांनी कधी चालवली नाही. मागं कागदांचं पोतं बांधायचे आणि चाकणपासून आमच्या वस्तीपर्यंत ती हाताला धरून चालत यायचे. मी शिकवतो म्हणालो, तर म्हणाले, "हिच्यावर बसलं की मान्सं दिसत न्हाईत, फिटर, नुसती वाट दिसती." मला ते फार आवडलं होतं. पुढं कळलं की एकदा शिकायला म्हणून बसले होते, ते आळंदीच्या रस्त्याला थेट ओढ्यात गेले होते आणि त्यानंतर सायकलीची त्यांनी धास्ती घेतली होती.

खेडच्या कचेरीवर त्यांनी मोर्चे नेले होते, दोनदा तुरुंगात जाऊन आले होते. त्याबद्दल विचारलं तर तिथली आमटी फार पातळ होती, एवढंच सांगायचे. भाषण त्यांना येत नसे. उभं राहून मोठ्यानं बोलायला लागले की शब्द अडायचे आणि ते रागावून खाली बसायचे. पण कागद वाचायला बसले की वेगळेच दिसायचे. प्रत्येक ओळीखाली बोट धरून, मोठ्यानं, दोन वेळा वाचायचे. मग कागद उलटा करून मागची कोरी बाजूही बघायचे. "मागं काय लिवलंय का ते बघावं." लग्नपत्रिका दिली तरी तसंच. एकदा चहाच्या पुड्याचा कागद त्यांनी असा दोन्हीकडून वाचलेला मी पाहिला आहे. आम्ही तरणी पोरं त्यावरून त्यांची टिंगल करायचो.

आता आमच्या घरचं सांगतो. वडील दोन वर्षांपूर्वी वारले होते. मागं राहिली आई आणि चार एकर रान. आबासाहेबांचा कारभारी सगळीकडं सांगत होता, की कूळ मेलं, पोरगा दापोडीला नट पिळतोय, मग कसतं कोण? कायद्यात तर स्वतः कसणाऱ्यालाच जमीन मिळणार. आईचं नाव पीकपाहणीला लागलं नाही आणि तिच्या तोंडून मामलेदारापुढं 'पाहिजे' आलं नाही, तर रान जाणार होतं. माझ्या पगारावर आम्ही दोघं जगलो असतो, पण त्या रानावाचून आई जगली असती का, ह्याची मला खातरी नव्हती.

खरं म्हणजे रान आईच कसत होती, आणि हेच सांगता येत नव्हतं. बाईमाणसानं औत धरायचं नसतं, असा आमच्याकडं दंडक. वडील गेल्यावर आई दिवस उगवायच्या आत औत जुंपायची आणि लोक रानात यायच्या वेळेला सोडून द्यायची. सगळ्या वस्तीला माहीत होतं आणि सगळी वस्ती माहीत नसल्यासारखं करायची. तिच्या अब्रूसाठीच करायची म्हणा, पण त्यात रानाचा घात होता.

पीकपाहणीचा तलाठी दरवर्षी आबासाहेबांच्या ओसरीवर बसायचा. चहा घ्यायचा आणि तिथूनच सगळ्या रानांची पिकं आणि नावं लिहून मोकळा व्हायचा. त्या वर्षी नाना तिथं जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या मागं होतो. नानांनी रामराम केला आणि ओसरीचे खांब निरखून बघितले.

"भाऊसाहेब, औंदा बाजरी हितं उगावली व्हय?"

तलाठी म्हणाला, "नाना, उगाच घोळ घालू नका. ऊन फार आहे. मला सगळं माहीत आहे."

"ऊन हाय हे खरं. दप्तराचं ओझं तुमी कशाला वागवता?" असं म्हणून नानांनी दप्तर अदबीनं उचललं, आपल्या सायकलीवर बांधलं आणि चालू लागले. दप्तर गेल्यावर तलाठी काय करणार? तोही मागं आला, शिव्या पुटपुटत.

आमच्या बांधाला पोचेपर्यंत त्याच्या पायात बाभळीचा काटा मोडला. नानांनी त्याला बांधावर बसवलं, त्याचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि मुंडाशातली सुई काढून काटा कोरायला लागले. त्या दिवशी नानांनीच सांगितलं होतं म्हणून आई उन्हं वर आल्यावरही रानात होती. बाजरी गुडघ्याला आली होती आणि आई कोळपं धरून तण काढत होती. परके पुरुष बांधावर बघितल्यावर तिनं कोळप्याचा हात सोडला आणि पदर ओढून बाभळीकडं चालू लागली.

"सोडू नगंस!" नाना ओरडले. तलाठ्याचा पाय तसाच मांडीवर. "अनसाबाई, सोडू नगंस! धरून ऱ्हा!"

आई थबकली. मला वाटलं, आता काही ही मागं येत नाही. पण ती वळली, कोळपं धरलं आणि बैलांना हाक दिली. सगळ्यांसमोर, भर उन्हात, पहिल्यांदा.

"औताला कोन हाय, भाऊसाहेब?"

"बाई आहे."

"मग लिवा. काटा बी निघाला बगा."

तलाठ्यानं लिहिलं. नानांनी ते दोन वेळा वाचून घेतलं. माझ्या आईचं नाव कागदावर पहिल्यांदा आलं ते असं.

नाना थोर होते, पण रागाला फार वाईट. त्यानंतरच्या रविवारी सरावाच्या कचेरीत आईची पाळी आली. ती उभी राहिली तीच अंग चोरून, पदर कपाळापर्यंत. नानांनी विचारलं, "रान कोन कसतं?" आईनं पदर आणखी पुढं ओढला. "रान पायजे का?" तरी तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा गणपा खाकरला. आई चटकन वळली आणि गणपाला म्हणाली, "नको जी. तुमचं तुमाला असू द्या."

सगळा पार हसायला लागला. गणपासुद्धा. आणि नानांचा तोल गेला. "मग जा त्येच्याच दारात भांडी घासायला! नवरा मातीत राबून मेला तुझा, त्यो काय ह्या गणपासाठी मेला?"

हसणं एकदम थांबलं. आईनं पदर सारखा केला आणि घराकडं गेली. त्यानंतर ती पारावर आली नाही. मी नानांना काही बोललो नाही आणि आईलाही काही बोललो नाही. आमच्या घरात त्यांचं नाव निघेनासं झालं.

पुढच्या कचेरीला मी एकटाच गेलो. त्या दिवशी नानांनी वेगळाच धडा घेतला. गणपाला म्हणाले, ऊठ, तू ह्या म्हादूच्या घरी आलाईस असं समज आणि पाणी माग. गणपानं मागितलं. मग नाना सगळ्यांना म्हणाले, "मालक घरी येतील. आजपत्तुर कंदी आले न्हाईत, आता येतील. पानी मागतील. पानी द्या. च्या द्या. नवं घोंगडं असंल तर त्ये हातरा. पर अंगठा देऊ नगा." हे त्यांनी प्रत्येकाकडून तीनतीनदा म्हणून घेतलं. मी ऐकलं, दापोडीला निघून गेलो. आईला सांगितलं नाही. त्यांचं नाव काढलं की तिचा चेहरा बदलायचा, म्हणून टाळलं. हा माझा गुन्हा आहे आणि तो मी कुणावर ढकलत नाही.

आबासाहेब आमच्या घरी आले ते त्याच आठवड्यात. मला रविवारी कळलं. आई चुलीपुढं बसून सांगत होती आणि तिच्या आवाजात चक्क आनंद होता. आबासाहेब स्वतः, पायी चालत. आमच्या उंबऱ्याच्या आत ते कधी आले नव्हते. आईवडिलांच्या लग्नातसुद्धा मांडवाच्या कडेला उभं राहून अक्षता टाकून गेले होते. ते आता घोंगडीवर बसले. आमच्या तांब्यातलं पाणी प्यायले. वडिलांच्या जुन्या बैलाची आठवण काढली, त्याचं नावसुद्धा त्यांना ठाऊक होतं. पोरगा कामाला लागला, बरं झालं, म्हणाले. मग बरोबरच्या कारभाऱ्यानं एक कागद काढला, बाई, इथं अंगठा लागतोय, म्हणाला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. दिला."

"कशाचा कागद होता, आये?"

ती माझ्याकडं बघत राहिली. "एवडा मोटा मानूस घरी येऊन पानी प्याला, आन् म्या इचारू, कशाला म्हनून?"

मी तसाच सायकलीवर चाकणला गेलो. नाना बाजाराच्या कडेला एका वखारीपुढं कुणाचा तरी अर्ज वाचत बसले होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं आता हे भडकतील. मी त्यासाठी तयारच होतो, भडकले तर मीही सोडणार नव्हतो. पण त्यांनी अर्जाची घडी केली, समोरच्याला परत दिली आणि सायकल हाताला धरली. मीही माझी हाताला धरली. अख्खी वाट आम्ही दोघं आपापल्या सायकली ढकलत चाललो.

घरी ते आत आले नाहीत. उंबऱ्यावर बसले. आई दाराआड उभी होती. मग नाना तिच्याशी बोलले, पण मान अंगणाकडं करून.

"अनसाबाई, माजी बी जमीन व्हती. भामा नदीच्या काठाला, मळीची. माजा मालक असाच घरी आला व्हता. पानी प्याला. माज्या बानं त्याच्यासाठी नवी घोंगडी काढली. आन् मालकानं कागद काढला. मला सही येत व्हती. बाला येत नव्हती, भावाला येत नव्हती, मला येत व्हती. त्येचा दिमाख व्हता मला. मालकाम्होरं म्या झोकात सही केली. वाचलं न्हाई. मालकानं दिलेला कागद त्येच्या म्होरं वाचायचा म्हंजी त्येच्यावर इस्वास न्हाई, असं वाटलं. जमीन सोडल्याचा राजीनामा व्हता त्यो. बा त्यानंतर माज्याशी बोलला न्हाई. मरूस्तवर न्हाई."

आम्ही ज्याची टिंगल करत होतो त्या दोन-दोनदा वाचण्याचा अर्थ मला तेव्हा कळला आणि मी मान खाली घातली.

"तुज्या घरधन्याचं नाव म्या चारचौघांत काढलं," नाना म्हणाले. "त्ये चुकलं. तू पारावर येत ऱ्हायली असतीस तर ह्यो अंगठा गेला नसता. तुजी चूक न्हाई ही. माजी हाय."

मग दाराआडून आईचा आवाज आला. "च्या ठेवू का?"

"ठेव," नाना म्हणाले. पहिल्या झटक्याला. आई हसली असावी, कारण आत भांडं जरा जास्तच वाजलं.

चहा पिता पिता त्यांनी समजावलं, की राजीनामा घेतला म्हणून जमीन लगेच जात नाही. मामलेदारानं कुळाला स्वतः विचारावं लागतं, की हा राजीखुशीनं दिला का. तोपर्यंत आशा आहे. मी म्हणालो, मग आईला काय बोलायचं ते शिकवा. नाना म्हणाले, "आता शिकिवनार न्हाई. माज्या शिकिवण्यानं एकदा घोळ झालाय. बाई, जे झालं तेच सांग. त्याच्यात एक अक्षर जास्ती नगं आन् एक कमी नगं."

मामलेदार आमच्या गावाला आले ते दोन महिन्यांनी. चावडीत टेबल मांडलेलं. साहेब तरुण, चष्मा लावलेले, पुण्याचे. आबासाहेब खुर्चीवर, कारभारी त्यांच्यामागं. नानांना आत घेतलं नाही; ते दारासमोर अंगणात उकिडवे बसले, आईला दिसतील असे. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो.

साहेबांनी कागद पुढं केला. "हा अंगठा तुमचाच का, बाई?"

"माजाच."

"राजीखुशीनं दिलात? कुणी जोरजबरदस्ती केली नाही?"

"न्हाई. राजीखुशीनं दिला."

कारभाऱ्यानं समाधानानं मान हलवली. बाहेर नानांनी डोळे मिटून घेतलेले मला दिसले.

"म्हणजे जमीन तुम्ही सोडलीत?"

आई अंग चोरूनच उभी होती. ती सावकाश वळली. साहेबांकडं नव्हे, आबासाहेबांकडं. त्यांच्याशी समोरासमोर ती जन्मात कधी बोलली नव्हती.

"मालक, तुमी घरी आला. आमच्या घरात तुमी कंदी आला नव्हता. पानी प्याला. तुमच्या मानाचा म्हनून म्या अंगठा दिला. रान न्हाई दिलं. रान तुमी मागितलंच न्हाई."

साहेबांनी चष्मा काढला. "आबासाहेब, कागदात काय लिहिलंय ते बाईंना वाचून दाखवलं होतं?"

"व्हय साहेब, दाखवलं की," कारभारी म्हणाला.

आबासाहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांचं तोंड उतरलं होतं. "नाही दाखवलं," ते म्हणाले. "मी पाणी मागितलं, तेवढंच. रानाचं बाईला सांगितलं नाही." ह्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाला पुढं कधी वाईट म्हणू शकलो नाही.

साहेबांनी तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा ओढला. "बरं बाई. पीकपाहणीला तुमचं नाव आहे. जमीन तुम्हाला पाहिजे का?"

आणि आबासाहेब खाकरले. मुद्दाम नसावं, सवय होती. मी नानांकडं बघितलं. त्यांचे डोळे उघडे होते, ओठ मात्र घट्ट मिटलेले. त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, मला कल्पना करवत नाही.

"पायजे," आई म्हणाली.

साहेबांनी लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली.

त्या दिवशी आमच्या वस्तीतल्या एकानंही 'नको' म्हटलं नाही. बाहेर येईल तो नानांच्या पाया पडायला वाकायचा आणि नाना त्याला खांद्याला धरून उभं करायचे. "मानानं लई घात केलाय आपला. उबा ऱ्हा." मी मात्र त्यांना साधं 'नाना, तुमच्यामुळं झालं' एवढंही बोललो नाही. वाटलं, घाई काय आहे, सावकाश बोलू. माणसं अशीच असतात म्हणतात, पण मी माझ्यापुरतं बोलतो, मी तसा होतो. आज माझ्या घरात जे काही आहे, पोरांच्या शाळांपासून ते म्हातारपणी माझ्या जिवाला असलेल्या स्वस्थतेपर्यंत, त्याची मुळं त्या चार एकरांत आहेत. आणि ते चार एकर केरूनानांनी राखले.

नाना त्याच हिवाळ्यात गेले. छातीचं दुखणं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. मला दापोडीला निरोप पोचला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधी, शाळूच्या पेरणीला.

मी दोन दिवसांची रजा काढून आलो होतो आणि दुपारी दुसऱ्या पाळीला परत जायचं होतं. सकाळचे दहा-अकरा झाले असतील. आई पाभर धरून पेरत होती. आता तिला अंधारात औत जुंपायची गरज नव्हती. नाना चाकणकडून आले आणि बांधावर उभे राहिले. वाळले होते, मुंडासं डोक्याला मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

"अनसाबाई, ह्या बांधापासनं त्या बांधापत्तुर एक तास मारू का?"

"इचारता काय, नाना? या की," आई म्हणाली.

ते जागचे हलले नाहीत. "असं न्हाई. ज्येचं रान त्येला इचारल्याबिगर आत शिरू नये. कुनाचं हाय ह्ये रान?"

आईनं माझ्याकडं बघितलं. मग बैलांकडं बघितलं. मग पदर मागं सारून ती म्हणाली, "माजं हाय. या."

नानांनी वहाणा बांधावर काढल्या आणि आत आले. आईनं कासरा त्यांच्या हातात दिला आणि स्वतः पाभरीच्या चाड्यावर बियाण्याची मूठ धरली. किती वर्षांनी औत हातात घेतलं होतं कुणास ठाऊक. पहिली आठ-दहा पावलं बैलांनी त्यांचं ऐकलं नाही. मग त्यांनी तोंडानं एक हाक घातली, आमच्याकडची नव्हे, त्यांच्या भामाकाठची असावी, आणि बैल चालू लागले.

माझी वेळ झाली होती. मी सायकल घेऊन निघालो, नदीच्या उतारावर पोचलो आणि मागं वळून बघितलं. एक तास म्हणून त्यांनी मागितला होता. तो बांधाशी संपला, तसे त्यांनी बैल वळवले आणि दुसरा धरला. चाड्यावरची मूठ तशीच धरून आई त्यांच्या बरोबरीनं चालत राहिली.